बागेत रात्री चालणारा दारू-दंगा: नगरपालिकेच्या हातात काय, पोलिसांच्या हातात काय

ताई, तुमचा प्रश्न वाचला. साताऱ्यात हद्दवाढीत आलेल्या भागात तुमची कॉलनी, मधोमध एक बाग, आणि साडेआठ वाजले की तिथं पोरं दारू घेऊन बसतात, बाटल्या फोडतात, बुलेटचे फटाके वाजवतात, रात्री बाराला कुणाचा तरी बड्डे आणि केक. म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकरं घेऊन येणाऱ्या बायकांनी तिकडं फिरकणंच सोडलं. तुमचा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो, तो म्हणतो तिकडं कौन्सिल सरळ ऑर्डर काढते आणि जागेवर दंड करते, मग आपली नगरपालिका का करत नाही.

मी स्वच्छता निरीक्षक म्हणून लागलो आणि सातारा-सांगली जिल्ह्यातल्या नगरपालिकांत आरोग्य, अतिक्रमण, शेवटी प्रशासन अशी सगळी टेबलं करून रिटायर झालो. असल्या तक्रारी किती हाताळल्या ते मोजलं नाही, पण त्यातल्या बऱ्याचशा कशामुळं सुटल्या आणि कशामुळं लोंबकळत पडल्या ते चांगलं आठवतंय, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी भाच्याचं. तो बरोबर सांगतोय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ चा कायदा आहे, त्यात पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर नावाची गोष्ट आहे, तिकडं पीएसपीओ म्हणतात. कौन्सिलला ठरावीक जागेपुरता असा हुकूम काढता येतो की या पार्कात, या रस्त्यावर अमुक करायचं नाही. मोडला तर जागेवर दंड, कोर्टात गेलं तर १००० पौंडांपर्यंत. पण भाच्याला पुढचं पण विचारा. तो हुकूम कौन्सिलच्या मनाला आलं म्हणून निघत नाही. त्या वागण्यानं तिथल्या लोकांच्या जगण्यावर वाईट परिणाम होतोय, ते एकदा-दोनदा नाही तर सारखं चाललंय, ते अवाजवी आहे आणि म्हणून बंधन घालणं योग्य आहे, एवढं सगळं दाखवावं लागतं. पोलिसांशी आणि स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते, जागेवर बोर्ड लावावे लागतात, एका वेळी जास्तीत जास्त तीनच वर्षं, पुढं पाहिजे तर परत कारण दाखवून वाढवायचं, आणि कुणाला पटलं नाही तर सहा आठवड्यांत हायकोर्टात जायची सोय आहे. तिकडंही हे हत्यार चुकीच्या माणसांवर चाललं, रस्त्यावर झोपणाऱ्या बेघरांनाच दंड व्हायला लागले, मग २०१७ मध्ये सरकारला मार्गदर्शक सूचना बदलून सांगावं लागलं की नुसतं बेघर आहे म्हणून कुणाला यात धरू नका.

हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या भाच्याला त्यातला दंड दिसला, मला त्यातलं "ठरावीक जागा, ठरावीक वागणं, पुरावा आणि मुदत" हे महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं कायदे कमी आहेत असं अजिबात नाही. कमी आहे ते हे, की कुठली जागा, कुठली वेळ, नक्की काय होतंय आणि ते कुणाचं काम, हे कुणी कागदावर मांडून देत नाही. अर्जात लिहिलेलं असतं "परिसरात टवाळखोरांचा उच्छाद असून योग्य ती कारवाई व्हावी". असला अर्ज माझ्या टेबलावर आला की मी तो पोलिसांना पाठवायचो, पोलीस "पेट्रोलिंग वाढवले आहे" असं उत्तर द्यायचे आणि फाईल बंद. आज मला त्याचं वाईट वाटतं, पण त्या अर्जात मी करू शकेन असं काही लिहिलेलंच नसायचं.

आता इकडं कुणाच्या हातात काय ते बघा. सातारा नगरपालिका चालते ती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यानं, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे म्हणून तिकडं १९४९ चा महापालिका कायदा. दोन्हीत उपविधी करायचा अधिकार आहे, म्हणजे तुमच्या भाच्याच्या कौन्सिलसारखे नियम काही प्रमाणात आपण पण करू शकतो, पण त्याला सभेचा ठराव, मसुदा जाहीर करून हरकती मागवणं, वरून मंजुरी असा लांबचा रस्ता आहे आणि मधली काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळं नवा उपविधी येईपर्यंत थांबू नका. घनकचऱ्याच्या नियमांनी कचरा टाकण्यावर जागेवर दंड करायची सोय दिलेलीच आहे, थुंकणं-लघवी यासाठी पण पावती फाडता येते. बाटली फोडली, प्लेट-ग्लास तिथंच टाकले, हा कचराच आहे आणि त्याची पावती फाडायचा अधिकार आरोग्य विभागाच्या माणसाकडं असतो. फक्त एक अडचण मी स्वतः भोगलीय. आमचा मुकादम पावती पुस्तक घेऊन गेला, पोरानं नाव सांगितलं नाही, पैसे दिले नाहीत, निघून गेला. मुकादमाला त्याला धरून ठेवायचा अधिकार नाही. म्हणून रात्रीची कारवाई एकट्या नगरपालिकेची होऊ शकत नाही, सोबत एक पोलीस लागतोच, आणि हे आधी पत्र देऊन, तारीख ठरवून करायचं असतं.

दारू पिऊन धिंगाणा, शिव्या, मुलींना बघून बोलणं हे पोलिसांचं. दारूबंदी कायद्याचं कलम ८५ आहे, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ मध्ये ११०, ११२, ११५ अशी कलमं नेमकी रस्त्यावरच्या असल्या वागण्यासाठीच आहेत. नव्या भारतीय न्याय संहितेत दारू पिऊन सार्वजनिक जागी त्रास देणं कलम ३५५ मध्ये आहे, २४ तासांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, आणि आता त्यात समाजसेवेची शिक्षा पण घातलीय. ही समाजसेवा मला मनापासून पटते, ज्या बागेत बाटल्या फोडल्या तीच बाग झाडायला लावली तर त्या पोरालाही कळेल की काच वेचायला किती वेळ लागतो. बुलेटचा सायलेन्सर बदललेला असेल तर मोटार वाहन कायदा, वाहतूक शाखा. तलवारीनं केक कापला तर हत्यार कायदा, तिथं पोलीस हयगय करत नाहीत, व्हिडिओ त्या पोरांनीच टाकलेला असतो. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. आणि जवळच्या दुकानातून बाटली घेऊन दुकानाच्या भिंतीलाच टेकून पीत असतील तर तक्रार पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्ककडं पण द्या, लायसन त्यांच्या हातात असतं आणि लायसनचं नाव काढलं की दुकानदार स्वतःच माणसं हटवतो.

पण ताई, हे सगळं त्यानंतरचं. पहिला प्रश्न मी विचारेन तो हा, की ही बाग कुणाच्या नावावर आहे?

तुम्हाला विचित्र वाटेल, पण हद्दवाढीतल्या भागात निम्मी प्रकरणं इथंच अडकतात. २०२० ला हद्द वाढली, त्याआधी तिथं ग्रामपंचायत होती, लेआउट मंजूर करताना बिल्डरनं ओपन स्पेस दाखवली, ती कागदोपत्री नगरपालिकेकडं वर्ग झाली का सोसायटीकडंच राहिली का अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे कॉलनीतल्या कुणालाच नक्की माहीत नसतं. नगरपालिकेच्या नावावर नसेल तर तिथं लाईट, वॉचमन, कुलूप यावर खर्च टाकताना लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून कुठलाच अधिकारी सही करत नाही आणि तुम्हाला वाटतं हे लोक मुद्दाम करत नाहीत. सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड काढा, नगररचना विभागातून मंजूर लेआउटची नक्कल घ्या. वर्ग झालेली नसेल तर पहिला अर्ज तोच द्या.

दुसरं, वही. एका नदीकाठच्या गावात मी असताना घाटाला लागून छोटी बाग होती, तक्रार तुमच्यासारखीच. तिथं एक रिटायर मास्तर होते, त्यांना मी म्हटलं, गुरुजी, मला "रोज" नका सांगू, लिहून आणा. त्यांनी शंभर पानी वही केली. तारीख, वाजले किती, किती जण, काय झालं, बाईकचा नंबर दिसला तर तो, पोलिसांना फोन केला का, कधी आले. सकाळी फिरायला गेले की रिकाम्या बाटल्या कुठल्या कोपऱ्यात आहेत ते पण. पाच आठवड्यांनी वही घेऊन आले आणि आम्ही दोघं बसलो, तर "रोज" नव्हतंच ते. शुक्रवार, शनिवार आणि महिन्याचा पहिला आठवडा. वेळ साडेआठ ते साडेदहा. आणि सगळ्या बाटल्या एकाच कोपऱ्यात, उत्तरेकडच्या भिंतीला.

मग मी रात्री नऊला स्वतः जाऊन बघितलं. त्या कोपऱ्यातल्या खांबाचा दिवा गेलेला, किती दिवसांपासून कुणाला माहीत नाही. करंजाच्या झाडाच्या फांद्या कंबरेपर्यंत खाली आलेल्या. भिंत साडेपाच फूट, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आत बसलेला माणूस दिसतच नाही, आणि भिंतीबाहेर लगेच चकण्याची गाडी, शेंगदाणे, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे ग्लास. म्हणजे सगळी सोयच करून ठेवलेली. आम्ही काय केलं, विद्युत विभागाला खांबाचा नंबर लिहून दिला आणि दिवा लावून घेतला, फांद्या रीतसर परवानगी घेऊन डोक्याच्या वरपर्यंत छाटल्या, भिंत तीन फुटांवर आणून वर जाळी लावली, आणि गाडीवाल्याला हाकललं नाही, त्याला समोरच्या चौकात उजेडात जागा दिली, त्याचं पण पोट आहे. गेटला कुलूप आणि ते रात्री १० ला लावायची जबाबदारी एका माणसाच्या नावानं लेखी. ही कामं चालली त्या दोन आठवड्यांत पोलिसांनी फक्त शुक्रवार-शनिवार साडेआठला एक चक्कर मारली, रोजची नाही. वहीमुळं त्यांना पण कळलं कधी यायचं. इन्स्पेक्टर साहेब मला म्हणाले, "रोज बंदोबस्त द्यायला माणसं नाहीत माझ्याकडं, पण आठवड्यातनं दोनदा अर्धा तास कधीही देतो." एवढ्यावर तो कोपरा सुटला. पूर्ण गाव काही सुधारलं नाही, थोडी पोरं पुलाखाली गेली, पण बागेत लेकरं परत आली.

याच्या उलट पण सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी लोकांचा फार दबाव आला म्हणून आम्ही बाकं काढून टाकली, म्हटलं बसायलाच जागा नको. म्हातारी माणसं यायची बंद झाली, कारण त्यांना बाक लागतं. दारू पिणाऱ्याला बाक लागत नाही, तो जमिनीवर बसतो. चांगली माणसं उठून गेली आणि सबंध बाग त्यांच्या ताब्यात गेली. तो निर्णय माझ्या सहीचा होता आणि चुकला. बागेत माणसं जास्त असली की त्रास कमी होतो, म्हणून जे काही कराल त्यानं साध्या माणसाचं येणं वाढतंय का कमी होतंय ते आधी बघा. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जाणाऱ्यांची रांग असते ना, त्या वेळेला तिथं कुणी असलं काही करत नाही, यामागं दुसरं काही कारण नाही. सीसीटीव्हीबद्दल लोक फार विचारतात, लावा, पण त्याचं फुटेज कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे ठरलेलं नसेल तर ती नुसती डबी खांबावर.

आता थोडं नाजूक बोलतो. तुमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल, की असल्यांना पत्रीच मारायला पाहिजे, म्हणजे तळपायावर फटके, पत्री सरकार पाहिजे परत. आपल्या मातीत हे फार खोल आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते ४६ याच साताऱ्यात चाललं, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पण साताऱ्यातच होता, आणि गावगुंडांना त्यांनी खरंच वठणीवर आणलं. पण लोकांना पत्री आठवते, त्यांची न्यायदान मंडळं आठवत नाहीत. गावासमोर दोन्ही बाजू ऐकून निवाडा करायची रीत होती ती. ती सोडून नुसता दांडका उचलला तर तो प्रतिसरकारचा वारसा नाही. आणि आज तुमच्यातल्या कुणी पोराला मारलं तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, तक्रार तिथंच मरेल.

तसंच, बागेत मुलगा-मुलगी बोलत बसलेत, हा त्रास नाही. ते असभ्य वर्तन होत नाही आणि त्यांना हटकायचा अधिकार कॉलनीला नाही, तुमच्या अर्जात हे घालू नका, घातलं की सगळा अर्ज "संस्कृतीरक्षण" होऊन जातो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो. पाल टाकून राहिलेली माणसं, भंगार वेचणाऱ्या बायका, यांना पण यात ओढू नका. आमच्याकडं थुंकण्याची मोहीम निघाली की दिवसभरातल्या निम्म्या पावत्या भाजीवाल्या बायकांच्या नावावर असायच्या, कारण त्या पळून जाऊ शकत नाहीत. नियम वागण्याला लागतो, माणसाच्या कपड्याला लागत नाही, हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

आणि पोरं अठराच्या खालची असतील, बऱ्याचदा असतातच, तर त्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, कायद्यात अडकलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्यापेक्षा बीट अंमलदाराला सांगून आई-वडिलांना चौकीत बोलवा. पोरगं बाईक चालवत असेल तर वडिलांना शांतपणे मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ सांगा, गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पोराला २५ वय होईपर्यंत लायसन नाही. मी असे बाप बघितलेत, ज्यांना खरंच माहीत नव्हतं पोरगं रात्री कुठं असतं. त्यातल्या एकानं पुढं दोन वर्षं त्याच बागेत पोरांना व्हॉलीबॉल शिकवला.

ह्यानं पण नाही झालं, तर प्रांताकडं जायचं. हा रस्ता लोकांना माहीतच नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२, म्हणजे जुनं १३३. सार्वजनिक जागेतला उपद्रव हटवायचा सशर्त हुकूम प्रांताधिकारी काढू शकतात, पोलिसांच्या रिपोर्टवर किंवा तुमच्या अर्जावर सुद्धा. आणि हा हुकूम नगरपालिकेच्या विरुद्ध पण निघू शकतो. रतलामच्या प्रकरणात १९८० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की पैसे नाहीत हे कारण सांगून नगरपालिकेला आपलं काम टाळता येणार नाही. तिथं मुद्दा गटारांचा आणि घाणीचा होता, पण कलम तेच. त्यामुळं दिवा, भिंत, कुलूप यासाठी दोन-तीन अर्ज देऊनही हलत नसेल तर त्या अर्जांच्या पोच घेऊन प्रांत कार्यालयात जा. शंभर सह्यांपेक्षा वहीतली पाच आठवड्यांची पानं तिथं जास्त कामाला येतात. एकच टोळकं असेल, त्यांच्यावर आधीचे गुन्हे असतील, तर त्याच संहितेच्या कलम १२६ खाली शांततेचा बाँड किंवा अगदीच टोकाला तडीपारी आहे, पण ते पोलिसांनी प्रस्ताव करायचं काम, तुम्ही त्यात नावं सुचवत बसू नका, तुम्हाला त्याच गल्लीत राहायचंय.

भांडायला मात्र कुणी एकट्यानं जाऊ नका. त्रास सुरू झाला की ११२ ला फोन, दर वेळी. "फोन करून काय होतंय" असं म्हणून लोक थांबतात आणि मग ठाण्यात रेकॉर्ड बघितलं तर वर्षात दोन कॉल. साहेब म्हणणार तिथं त्रासच नाही. मुलींच्या बाबतीत काही असेल तर निर्भया पथकाला कळवा.

तर तुमच्यापुरतं असं करा. जागेचा कागद काढा. आजपासून वही सुरू करा, दोन घरांनी वेगवेगळी ठेवली तर आणखी चांगलं, फक्त दिसलं तेवढंच लिहा, अंदाज नको. महिनाभरानं मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज, त्यात फक्त नगरपालिकेची कामं: कुठल्या नंबरच्या खांबाचा दिवा, कुठली फांदी, गेटची वेळ, कुलपाची जबाबदारी कुणाची, नियमांचा बोर्ड. पोलीस निरीक्षकांना दुसरा अर्ज, त्यात फक्त वार आणि वेळ. दोन्हीची प्रत प्रांतांना. आवक नंबर टाकून पोच घ्या. आणि तो अर्ज देण्याआधी एकदा रात्री नऊला, चार-पाच जण मिळून, बागेच्या बाहेरून चक्कर मारा आणि बघा कुठल्या कोपऱ्यात अंधार आहे. तो कोपरा आणि खांबाचा नंबर मला कळवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.